तिसरी श्रेणी, चौथी श्रेणी : कचेरीतील दर्जा आणि संघटना

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही सरकारी कचेरीत थोडा वेळ बसले की चार शब्द कानांवर पडतात : साहेब, बाबू, चपराशी आणि कोतवाल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यांतील बाबू आणि चपराशी हे शब्द हिंदी वाटतील, आणि ते एका अर्थी खरेही आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या, आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाच्या कारभारात होता. जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर नव्हे तर डेप्युटी कमिशनर असे, आणि गावात तलाठी नव्हे तर पटवारी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, १९९९ मध्ये गोंदिया त्यातून वेगळा झाला. पाट्यांवरची पदनामे बदलली, बोलण्यातली मात्र बदलली नाहीत. ती टिकली याचे कारण केवळ भाषिक सवय हे नसावे. या चार शब्दांत कामाचे वर्णन कमी आणि पायरीचे वर्णन अधिक आहे. साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल, बाबूच्या खुर्चीला हात, चपराश्याला दाराबाहेरचे स्टूल, आणि कोतवालाला बसायची ठरलेली जागाच नाही.

कचेरीतील माणसे कामगार संघटनेत केव्हा जातात, केव्हा जात नाहीत आणि गेली तर कोणाबरोबर जातात, हा प्रश्न या पायऱ्यांच्या अंगाने पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे. पगार कमी पडला की माणूस संघटनेत जातो, असा आपला साधा समज असतो. कचेरीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. वरच्या पायरीवरच्या माणसाला दर्जा हे संघटनेपासून दूर राहण्याचे कारण वाटते. मधल्या पायरीवरचा माणूस दर्जा राखण्यासाठी संघटना करतो. आणि सर्वांत खालच्या माणसाची पहिली मागणी पगाराची नसून दर्जाचीच असते. एकाच इमारतीत काम करणाऱ्या या तिघांची संघटना क्वचितच एक होते. ती केव्हा झाली आणि का टिकली नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्लंडमधील कारकुनांविषयी डेव्हिड लॉकवुड यांचे 'द ब्लॅककोटेड वर्कर' हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. कारकून गिरणी कामगाराइतकाच, प्रसंगी त्याहूनही कमी मिळवत असून स्वतःला कामगार का समजत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या : माणसाचे उत्पन्न आणि नोकरीची शाश्वती, कामाच्या जागी त्याचे कोणाशी कसे संबंध येतात, आणि समाजात त्याला मिळणारी प्रतिष्ठा. लहान पेढीत मालकाशेजारी बसणारा कारकून मालकाच्या नजरेने जग पाहतो. मोठ्या, नियमबद्ध, एकसारख्या कारभारात शेकडो कारकून एकाच वेतनश्रेणीत बसले की त्यांना आपण एक आहोत हे कळू लागते.

ही मांडणी आपल्याकडे सहज पडताळून पाहता येते. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात बिडी हा मोठा धंदा. बिडी मजुरांच्या संघटना झाल्या, त्यांचे लढे झाले, १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांचा कायदाही आला. परंतु मजुरांनी वळलेल्या बिड्या मोजणारा, त्यांतील 'छाट' बाजूला काढणारा मुनीम लिहिता-वाचता नोकर असूनही मजुरांच्या रांगेत उभा राहिला नाही. त्याचे वेतन फार मोठे होते म्हणून नव्हे. बिडी नाकारण्याचा अधिकार त्याच्या हाती होता म्हणून. दिवाणजीचे तेच, धान गिरणीच्या हिशेबनिसाचे तेच. संघटना उभी राहिली ती सरकारी कचेरीत, टपाल खात्यात, बँकेत, विमा महामंडळात, जिथे एका पायरीवर पुष्कळ माणसे होती.

तथापि भारतीय कचेरीत आणखी एक गोष्ट घडली, जिचा उलगडा केवळ कारकुनाच्या मनोवृत्तीतून होत नाही. येथे पायऱ्या कायद्यानेच आखून दिल्या. १९२९ च्या औद्योगिक कलहविषयक कायद्यापासून 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत अंगमेहनतीच्या कामाबरोबर कारकुनी कामही धरले गेले, आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ते कायम ठेवले. म्हणजे कायद्याच्या लेखी कारकून कामगार होता. व्यवस्थापकीय वा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारा मात्र बाहेर राहिला. देखरेख करणाऱ्यासाठी १९५६ च्या दुरुस्तीने महिना ५०० रुपये वेतनाची मर्यादा घातली, ती पुढे १,६०० आणि २०१० मध्ये १०,००० झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. या रेषेचा परिणाम असा झाला की, एखाद्याला कामगार कायद्याच्या आणि संघटनेच्या कक्षेतून बाहेर काढायचे तर त्याला बढती दिली की पुरे, अशी युक्ती खासगी कंपन्यांना सुचली. काम तेच, पाटी नवी. सीबा-गायगी कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की पदनाम काय आहे याला महत्त्व नाही, माणूस मुख्यतः कोणते काम करतो ते पाहावे. तो लघुलेखक-हिशेबनीस म्हणून लागला होता आणि पुढे त्याला 'असिस्टंट' हे नाव मिळाले होते.

सरकारी कचेरीत याहून सरळ मार्ग होता. संघटनेला मान्यता द्यायची की नाही हे सरकारच ठरवत असल्याने, कोणी कोणाबरोबर संघटित व्हावे हेही त्यालाच ठरवता आले. केंद्र सरकारच्या १९९३ च्या सेवासंघटना मान्यता नियमांत एक अट स्पष्ट आहे : सदस्यत्व समान हितसंबंध असलेल्या विशिष्ट प्रवर्गापुरते मर्यादित असले पाहिजे. म्हणजे चपराशी आणि बाबू यांनी आपण एक आहोत असे ठरवले, तर मान्यतेच्या दारातच त्यांना विचारले जाईल की तुमचा प्रवर्ग कोणता. संघटनांची नावे पाहिली तरी हे दिसते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ हा खटला मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातला. मान्यता काढून घेतलेल्या संघटनेत राहिल्याबद्दल आणि निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल एका कर्मचाऱ्यावर कारवाई झाली होती. मान्यता नसलेल्या संघटनेत राहण्यास मनाई करणारा नियम न्यायालयाने रद्द केला. संपावरील बंदी मात्र वैध ठरवली. ज्या अखिल भारतीय संघटनेची मान्यता गेली होती, तिच्या नावातच 'अराजपत्रित' हा शब्द होता. आपण कोण आहोत हे सांगताना आपण कोण नाही हे आधी सांगावे लागणे, ही कचेरीतील संघटनेची जन्मखूण आहे.

टपाल खात्यात ही गोष्ट सर्वांत ठळकपणे दिसते. ११ जुलै १९४६ रोजी देशभर जो टपाल संप सुरू झाला तो पुकारला होता पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतील नोकरांच्या संघटनेने. कारकून, तार आणि टेलिफोन विभागांतील मंडळी त्यात पुढे सामील होत गेली, आणि महिनाअखेरीस कलकत्त्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला. खालच्या पायरीने आरंभ करावा आणि वरच्या पायरीने मागून यावे, असा हा क्रम. परंतु १९५४ मध्ये टपाल व तार खात्यातील संघटनांची पुनर्रचना होऊन जो महासंघ स्थापन झाला, त्याच्या नऊ घटक संघटनांत तिसरी श्रेणी आणि चौथी श्रेणी वेगळ्याच राहिल्या. संप एकत्र, संघटना मात्र वेगळी. आणि या दोन्हींच्या बाहेर उभा होता खेड्यातील शाखा डाकघर चालवणारा 'खातेबाह्य' नोकर. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद हे नागरी पद आहे असे मान्य केले, पुढे २००१ मध्ये त्याला 'ग्रामीण डाक सेवक' हे नाव मिळाले. नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला नाही. मे-जून २०१८ मध्ये देशभरातील ग्रामीण डाक सेवकांनी सोळा दिवस संप केला.

महाराष्ट्रात या पायऱ्या एकदा खरोखर ओलांडल्या गेल्या. १४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी पुकारलेला संप ५४ दिवस चालला. र. ग. कर्णिक त्याचे नेते होते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, आणीबाणी उठून वर्षही झाले नव्हते. मुख्य मागणी होती केंद्र सरकारच्या दराने महागाई भत्ता. संपात तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीचे कर्मचारी एकत्र होते, शिक्षकही होते. त्या संपातून लगेच पदरात फारसे पडले नाही. १९७८ मध्येच सत्तेवर आलेल्या शरद पवार यांच्या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याचे तत्त्व मान्य केले.

हा संप इतका लांबला आणि तरी फुटला नाही, याचे एक कारण मला त्या मागणीच्या स्वरूपात दिसते. वेतनश्रेणीची मागणी ही पायरीची मागणी असते. ती करताना बाबू चपराश्याहून किती वर असावा हे मनात मोजले जाते. महागाई भत्ता पायरी विचारत नाही. तांदळाचा भाव साहेबालाही तोच आणि चपराश्यालाही तोच. ज्या मागणीत दर्जाचा हिशेब सर्वांत कमी होता, त्या मागणीसाठी सर्वांत मोठी एकजूट झाली.

माझे वडील तेव्हा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. मी लहान होतो. मला संप आठवतो तो वाण्याच्या वहीतून आणि वडिलांच्या सदऱ्यातून. इस्त्रीचा सदरा घालूनच ते रोज कचेरीसमोरच्या झाडाखाली जाऊन बसत. तेथे एक सतरंजी असे आणि तिच्यावर बडे बाबू, छोटे बाबू आणि दोन चपराशी एकत्र बसत. त्यांतील एक चपराशी एकदा आमच्या घरी आला, वडिलांनी त्याला खुर्ची दिली आणि आईने चहा दिला. या खुर्चीची आठवण वडील म्हातारपणीही काढत. कारण फेब्रुवारीत संप मिटला आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस घंटी वाजताच त्यांच्या टेबलाशी उभा राहिला. "त्याला बस म्हणायला हवं होतं," असे ते म्हणत. "पण कचेरीत तसं म्हणत नाहीत." संघटनेने पगाराचा प्रश्न हाती घेतला होता. स्टुलाचा प्रश्न तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

तो का नव्हता, याचे उत्तर शोधताना जातीकडे वळावे लागते. कारण आपल्याकडे पायरी केवळ नोकरीने ठरत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले होते. अस्पृश्य कामगाराला रेल्वेमार्गावर गँगमन म्हणून काम मिळते. हमालाचे मिळत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि तेथे त्याची शिवाशीव चालत नाही. मग कारकुनी तर दूरच. ही विषमता दूर करण्याबाबत रुळलेल्या कामगार संघटना मौन का बाळगतात, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, जे स्वतः कामगार चळवळीतले होते.

भंडाऱ्याच्या खेड्यांत तर हा प्रश्न पदनामातच दडलेला होता. मध्य प्रांताच्या मराठी मुलखात गावचा कोतवाल बहुधा महार समाजातला असे. दवंडी देणे, टपाल पोचवणे, साहेब येणार असल्याची वर्दी देणे ही त्याची कामे. म्हणजे कारभाराचे शेवटचे टोक आणि जातीच्या उतरंडीचे खालचे टोक एकाच माणसात मिळत होते. पुढे राखीव जागांमुळे कचेरीचे रूप पालटले, दलित आणि आदिवासी तरुण बाबूच्या खुर्चीवर आले. परंतु सर्वसाधारण कर्मचारी संघटनेत बढतीचा आणि बिंदुनामावलीचा प्रश्न आपला म्हणून मांडला जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. कास्ट्राईब कर्मचारी महासंघासारख्या संघटना त्यातून उभ्या राहिल्या. त्यांना 'फूट पाडणाऱ्या' म्हणणाऱ्यांनी मनमाडचा प्रश्न पुन्हा वाचावा.

२००५ नंतर एक नवी पायरी निर्माण झाली, आणि ती पदाची नसून तारखेची आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन लिपिक, काम एक, वेतनश्रेणी एक. एकाचे म्हातारपण शासनाच्या हवाली, दुसऱ्याचे बाजाराच्या. हा भेद संघटनेला तोडील असे वाटत होते. मार्च २०२३ मध्ये नेमके उलटे घडले. १४ ते २० मार्च असा सात दिवस जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप झाला, आणि ज्यांना ते निवृत्तिवेतन मिळणारच होते असे ज्येष्ठ कर्मचारीही त्यात उतरले. १९७७ नंतर पायरी ओलांडल्याचा हा दुसरा मोठा प्रसंग म्हणता येईल. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मान्यता दिली, हे त्याचे अंशतः का होईना फलित.

तरीही पायऱ्या पुसल्या गेल्या नव्हत्या. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघाने मागणीला पाठिंबा दिला, पण स्वतः संपावर जाण्याची तारीख दिली २८ मार्च. त्यापूर्वीच संप संपला. साहेबांचा आणि बाबूंचा हितसंबंध एक असला तरी मुहूर्त एक नव्हता. याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या टोकाला होती. संपाच्या त्या सात दिवसांत संगणकापुढची आणि आरोग्य केंद्रातील कंत्राटी माणसे कोठे होती? ग्रामपंचायतीत २०११ पासून आधी 'संग्राम' आणि मग 'आपले सरकार सेवा केंद्र' या योजनांखाली काम करणारा संगणक परिचालक ग्रामसेवकाच्या शेजारी बसून दाखले काढतो. तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी नाही. बाह्ययंत्रणेमार्फत आलेला माहिती नोंदणीकार कचेरीत असतो, कचेरीचा नसतो. कोतवाल तर मानधनावर. यांच्यापैकी कोणालाही निवृत्तिवेतन नाही, नवे नाही आणि जुनेही नाही. ज्या घोषणेत आपला उल्लेखच नाही, ती देण्यासाठी मंडपात जावे की ज्यांनी मंडप घातला त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवरचे काम मुकाट्याने करावे, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता. दुसरा पर्याय निवडला तर संपफोडे ठरण्याची भीती, पहिला निवडला तर दुसऱ्या दिवशी कंत्राट न वाढण्याची.

त्यांनी संघटना केली नाही असे मात्र नाही. संगणक परिचालकांची आंदोलने झाली. त्यांची एक प्रमुख मागणी आपल्याला ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणा, ही आहे. कोतवालांची जुनी मागणी चतुर्थ श्रेणीच्या दर्जाची. अलीकडे त्यांना 'महसूल सेवक' हे नाव मिळाले, श्रेणी नाही. ग्रामीण डाक सेवकाचे तेच. ज्या चौथ्या श्रेणीतून वर निघण्याची धडपड चपराश्याने आणि त्याच्या मुलांनी केली, त्या श्रेणीत प्रवेश मिळावा म्हणून आज माणसे उन्हात बसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत पदे भरण्याविषयीचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. पण आधीपासून त्या मार्गाने आलेली माणसे त्याच खुर्च्यांवर राहिली.

मराठी साहित्याने कारकुनाला पुष्कळ जागा दिली, बहुधा विनोदाची, कधी करुणेची. भाऊ पाध्ये यांच्या 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) या कादंबरीसारखा अपवाद सोडला तर संघटनेत वावरणारा मनुष्य आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारसा भेटत नाही; आणि कंत्राटी बाबू तर अजून यायचाच आहे. तो आला तर त्याला साहेबाचा नव्हे, शेजारच्या कायम बाबूचा चेहरा अधिक वेळ न्याहाळावा लागेल.

हे सारे कचेरीविषयी बोललो. आता आपल्या स्टाफरूमविषयी. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे, कारण शिकवणे हे कारकुनी काम नाही. म्हणजे शाळेतला लिपिक कामगार, शिक्षक मात्र त्या व्याख्येच्या बाहेर. आपल्यापैकी अनेकांना हे वाचून मनातून बरेच वाटेल, आणि तेथेच लॉकवुड यांचा प्रश्न आपल्याला येऊन भिडतो. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर अनेक आठवडे बहिष्कार घातला, तेव्हा मागण्यांच्या केंद्रस्थानी सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न होता. त्याच स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारा, नेट-सेट उत्तीर्ण तरुण बसलेला होता. त्याला दर तासाचे पैसे मिळत. बहिष्काराचे दिवस त्याच्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

वडिलांची सतरंजी ५४ दिवस टिकली. आपल्याकडील संघटनांचा इतिहास लिहिताना आपण संपांचे दिवस मोजतो, मागण्या मोजतो, नेत्यांची नावे नोंदवतो. संप मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी कोण बसले आणि कोण उभे राहिले, याचीही नोंद करायला हवी. पुढच्या सभेची सूचना लिहिताना तासिकेवरच्या सहकाऱ्याचे नाव त्या यादीत आहे का, एवढे पाहण्यापासून तिची सुरुवात करता येईल.